मोज्याची टाच

मराठीचा प्राध्यापक लोकरीच्या सुया घेऊन ओटीवर बसला आहे, ही बातमी पौडसारख्या गावात फार दिवस दबून राहत नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारचे दोघेतिघे काही ना काही निमित्त काढून डोकावून गेले. एकजण कोयता मागायला आला आणि तो न घेताच परत गेला. दुसऱ्याने आडपडदा न ठेवता विचारले, "सर, कॉलेज सुटलं काय?" मी म्हटले, "सुटलं नाही, सुट्टी आहे." त्यावर त्याने माझ्या हातातल्या सुयांकडे असे काही पाहिले की, सुट्टी आणि सुटणे यांतला फरक त्याला पटलेला नसावा हे मी ओळखले.

मुळशी म्हटले की लोक धरणाबद्दल विचारतात. जाणते असतील तर १९२१ च्या सत्याग्रहाबद्दल आणि सेनापती बापटांबद्दल विचारतात. खवय्ये असतील तर आंबेमोहोराबद्दल. आमच्या थंडीबद्दल मात्र कोणीही विचारीत नाही. मार्गशीर्षात पहाटे मुळेच्या खोऱ्यात धुके उतरते तेव्हा त्यातून दुचाकीवर पुण्याला जाणे ही काय चीज आहे, ते जाणाऱ्याच्या पायांनाच ठाऊक. माझ्या पायांना ती गेली वीस वर्षे ठाऊक आहे, आणि तरीही ते शाबूत आहेत, याचे कारण माझी आई दरवर्षी मला लोकरीच्या मोज्यांचा एक जोड विणून देत असे.

विणणे तिला तिच्या आईकडून आले. १९६२ साली चिनी आक्रमण झाले तेव्हा गावोगावच्या बायका जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणू लागल्या. आमची आजी त्यांतलीच. आई तेव्हा दहा वर्षांची होती. दोन्ही हातांवर लोकरीची लडी ताणून तासन् तास बसायचे आणि आजीने गुंडा गुंडाळायचा, एवढेच तिचे काम. "हात दुखायला लागले की मी मोजत बसायचे," असे ती सांगे. विणकाम तिने पुस्तकातून कधीच केले नाही. आकडे तोंडात आणि वीण हातात.

गेल्या वर्षी कार्तिकात तिला अर्धांगाचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी झाली, उजवा हात मांडीवर निपचित पडून राहिला आणि वाचा गेली. अगदी गेली असे नाही; तिची उलथापालथ झाली. पाणी हवे असले की ती "पातेलं" म्हणे, माझ्या मुलाला माझ्या नावाने हाक मारी आणि मला कोणत्याच नावाने मारीत नसे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रोगी पाहिला होता. त्याला एकच अक्षर उच्चारता येई. तो वारल्यावर त्याच्या मेंदूचा डावा भाग बिघडलेला आढळला, आणि वाचेचे एक ठिकाण माणसाला प्रथम कळले. हे सारे मी आईच्या उशाशी बसून वाचले. ज्याची रोजची भाकरी शब्दांवर भाजली जाते, त्याच्या घरात शब्दांचेच असे दिवाळे निघावे!

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक गोष्ट समजावून सांगितली. जे ओघाने येते ते अशा माणसांच्या तोंडी पुष्कळदा शिल्लक राहते : पाढे, प्रार्थना, वारांची नावे, आकडे. खरोखरच, "पाणी" न म्हणता येणारी आई रामरक्षा मात्र बरीचशी म्हणे. पण सुटा आकडा तिला येत नसे. "नातवंडं किती?" असे बाईंनी विचारले तेव्हा ती "एक, दोन" असे मोजत गेली आणि थांबली. बाई म्हणाल्या, "बरोबर!" मी मात्र ती दमून थांबली असे समजलो होतो.

झटक्याच्या दिवशी तिच्या विणकामाच्या डब्यात एक पुरा मोजा होता आणि दुसरा घोट्यापर्यंत आलेला. सुयांच्या टोकांना रबर गुंडाळून पत्नीने तो तसाच ठेवून दिला होता. पौषात एके दिवशी आईने डाव्या हाताने तो डबा माझ्याकडे सरकवला. एवढेच. पुढचे सगळे माझ्यावर आले.

शेजारच्या काकूंनी मला दोन टाके शिकवले. धागा मागे ठेवून विणला तो सुलट, पुढे घेऊन विणला तो उलट; आणि गंमत अशी की, एका बाजूने जो सुलट तोच दुसऱ्या बाजूने उलट दिसतो. या क्षेत्रात सगळाच कारभार असा आहे. आपल्याकडच्या जुन्या मापात सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक! उन्हाळ्यापर्यंत मी नुसत्या सुलट टाक्यांचा एक मफलर विणला. मध्येच टाके गळत, मध्येच कुठून तरी दोन जास्तीचे येत, त्यामुळे तो एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्याला दीड वीत झाला. चिरंजीवांनी तो गळ्यात घालायला नम्रपणे नकार दिला.

पण मोजा म्हणजे मफलर नव्हे. (मोजा हा शब्द मूळचा फारसी, तिकडे त्याचा अर्थ चक्क बूट. मराठीत आल्यावर बिचारा मऊ झाला.) पायाची नळी विणायची ती चार सुयांवर : तिघींवर टाके, चौथी विणणारी. हे नळकांडे गोल गोल कितीही लांब नेता येते. पण माणसाचा पाय नळासारखा सरळ नसतो. तो घोट्याशी काटकोनात वळतो, आणि तिथे मोज्यालाही वळावे लागते. आईने ४८ टाके घातले होते. त्यांतले २४ वरच्या अंगाला नुसते थांबवून ठेवायचे, उरलेल्या २४ वर पाठपोट २४ ओळींची एक पट्टी विणायची आणि मग टाच वळवायची. पट्टी तिने पुरी केली होती. वळवणे राहिले होते.

काकूंनी हात जोडले. "स्वेटर म्हणशील तो शिकवीन, टाच तुझ्या आईची." मोबाइलवर चित्रफिती पाहिल्या. त्यातल्या बाई ६४ टाक्यांवर होत्या आणि त्यांची टाच भलत्याच घाटाची होती. एका पायाची टाच पौडची आणि दुसऱ्याची परदेशी, हे मला नको होते.

येथे मला माझ्या एका जुन्या पापाची आठवण झाली. एकांकिका शिकवताना मी सिंज या आयरिश नाटककाराच्या 'रायडर्स टू द सी' या १९०४ सालच्या नाटिकेचा दाखला नेहमी देतो. बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती मोज्यावरून. कारण तो तिनेच विणलेला असतो आणि त्यात किती टाके घातले, किती गाळले, ते तिला पाठ असते. "पाहा," मी वर्गाला सांगत असे, "विणताना चार टाके चुकून गळले, आणि त्या चुकीतून केवढे कारुण्य!" वर्षानुवर्षे सांगितले. आता सुया हातात आल्यावर मला दाट शंका आहे की, ते टाके चुकून गळलेच नसतील. मोजा निमुळता करण्यासाठी तिने ते मुद्दाम कमी केले असतील. वर्गातल्या कोणीही मला अडवले नाही. विणणाऱ्या मुली त्यांत नक्की असतील.

गणपतीच्या सुट्टीत मी हिय्या केला. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज येऊनजाऊन होती. आईला खुर्चीत उशीशी टेकवून बसवले आणि तिच्यासमोर पट्टीचा पहिला टाका विणला. ती ताबडतोब मोजू लागली, "एक, दोन, तीन..." आवाज खणखणीत. चौदावर ती थांबली. मला वाटले, दमली. मी पुढचा आकडा माझा मीच म्हटला, "पंधरा," आणि विणत निघालो. तिने डाव्या हाताने माझ्या सुईवरचे टाके चिमटीत पकडले. मला वाटले, सुई ओढून घेते आहे. मी हळूच हात सोडवला. तेव्हा ती ओरडली, "उलट!"

मी आज्ञाधारकपणे धागा पुढे घेतला आणि उलटा टाका विणला. तिने माझ्या मनगटावर चापट मारली.

दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशीही हेच : चौदावर थांबणे, चिमटा, "उलट!" आणि चापट. मी प्रत्येक वेळी ओळ उसवून पुन्हा पहिल्या टाक्याशी येई. तिसऱ्या संध्याकाळी तिने तोंड भिंतीकडे फिरवले आणि मी काहीही बोललो तरी ते वळवले नाही. पत्नी म्हणाली, "राहू द्या हो आता. त्यांना त्रास होतो." खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. सुलटाला उलट म्हणणाऱ्या माणसाकडून उलटसुलटाचा धडा घ्यायला मी निघालो होतो. मी डबा बंद करून कपाटावर ठेवला.

रात्री झोप येईना. पन्हाळीतून पाणी पडत होते त्याचे थेंब उगाच मोजत पडलो होतो. मोजता मोजता एकदम ते आठवले. एक, दोन, आणि थांबणे. बाई म्हणाल्या होत्या, "बरोबर!" म्हणजे थांबणे हेच तिचे उत्तर असते! चौदा हा आकडा तिला मला सांगायचा होता, आणि तिथे पोहोचायला तिच्यापाशी एकपासून निघण्याखेरीज दुसरी वाट नव्हती. चिमटीत तिने धरले होते ते दोन टाके. दोन्ही एकत्र विण. आणि उलट? अहो, मी आयुष्यभर पोरांना शब्दांच्या जाती शिकवल्या. ते विशेषण नव्हतेच. क्रियापद होते, आज्ञार्थी, द्वितीय पुरुषी, एकवचनी. पान उलट, भाकरी उलट, तसे : काम उलट आणि माघारी फीर! ओळ पुरी व्हायच्या आधीच, अध्यातूनच. चुकीच्या शब्दांच्या त्या ढिगाऱ्यातून तिने एक अचूक शब्द तीन दिवस माझ्यापुढे धरला होता, आणि मी त्याचा अर्थ वेगळा लावून बसलो होतो.

सकाळी चहासुद्धा न घेता डबा काढला. चौदा विणले. दोन एकत्र. आईने एक बोट दाखवले. तो एक साधा विणला. "उलट." मी काम फिरवले. सात टाके सुईवर तसेच न विणता राहिले. असे टाके मागे टाकून परत फिरणे नवशिक्याच्या अंगावर काटा आणणारे असते; जणू सात पोरांना फलाटावर ठेवून गाडी सुटली. पण आई शांत होती. माघारीच्या वाटेवर तिने पहिला टाका नुसता उचलायला लावला आणि सहापर्यंत मोजले, चिमूट, एक बोट, "उलट." आता दोन्हीकडे सात सात. पुढच्या ओळीला सात मोजले, त्यापुढच्या ओळीला आठ. दर खेपेला आपण एक टाका जास्त चालतो आणि मागे राहिलेल्यांपैकी दोघांना घेऊन परततो. दहा ओळींत एकही टाका मागे राहिला नाही. चोवीसाचे चौदा झाले होते, आणि सपाट पट्टीला मधोमध एक खोलगट वाटी आली होती. टाच!

आईने डावी मूठ तिच्यात घालून पाहिली. पूर्वी प्रत्येक मोज्याची ती अशीच घाली. मग पहिला मोजा मागून घेतला आणि दोन्ही टाचा शेजारी ठेवल्या. माझी जरा सैल होती, आणि एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढे भोक होते. त्या भोकात तिने करंगळी घालूनही दाखवली. हसली की नाही ते नक्की सांगता येत नाही. झटक्यानंतर तिचे अर्धेच तोंड हसते.

आता पट्टीच्या दोन्ही कडांवरून बारा बारा नवे टाके उचलायचे, ते वरच्या चोवीसांना जोडायचे, आणि बासष्टांचे पुन्हा अठ्ठेचाळीस होईपर्यंत कमी करत जायचे. मग पंजा. दिवाळीपर्यंत तो व्हायला हवा; तशी थंडी अजून दूर आहे.

पहिल्या कडेचे बारा नीट आले. दुसऱ्या कडेला आई मोजत गेली आणि अकरावर थांबली. मी पुढचा आकडा म्हटला नाही. तिच्याकडे पाहिले, सुईकडे पाहिले. कड संपली होती. दिवा जवळ ओढला आणि आम्ही दोघे बाराव्याला शोधू लागलो.