होंडुरासच्या डोंगरवाटेवरील जमाखर्च

मध्य अमेरिकेतील होंडुरास हा बहुतांशी डोंगराळ देश. स्पॅनिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थच 'खोल जागा' असा होतो. राजधानी तेगुसिगाल्पा समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवरील खोऱ्यात वसलेली असून आजही तेथे आगगाडी पोहोचलेली नाही. शहर मागे पडले की पाइन वृक्षांचे डोंगर, उतारावरील कॉफीचे मळे आणि मक्याची शेते सुरू होतात. मे महिन्यात पाऊस येतो आणि कच्चे रस्ते चिखलात दिसेनासे होतात. पुढचे गाव मग पायी किंवा खेचरावरूनच गाठावे लागते.

१९६५ साली या देशात पोलिओची साथ पसरली होती. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात तरुणांमध्ये काम करणारे गाय बेव्हिल नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांनी शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना बरोबर घेऊन लसीकरणासाठी होंडुरास गाठले. या उपक्रमातूनच 'अमिगोस दे लास अमेरिकास', म्हणजे 'अमेरिका खंडांचे मित्र', ही संस्था उभी राहिली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना परक्या देशात, अपुऱ्या भाषाज्ञानावर आणि साथीच्या काळात पाठवायचे, या विचाराने त्यांच्या आईवडिलांची झोप उडाली असल्यास नवल नाही.

काम दिसायला साधे होते, पण त्यात हयगय चालणारी नव्हती. पोलिओची लस थंड ठेवावी लागते. उष्णतेने ती निकामी होते आणि त्या काळी निकामी लस वरून ओळखू येत नसे. एका मात्रेने पुरेसे संरक्षण मिळत नाही, म्हणून कोणत्या बालकाला कितवी मात्रा दिली याची नोंद चोख हवी. 'दो बूँद'च्या मोहिमा पाहिलेल्या भारतीय वाचकाला हे नवे नाही. घरी पाण्याचा पेला जागेवर न ठेवणाऱ्या मुलाला अशा कामात प्रथमच उमगते की, आपल्या हातून राहिलेल्या एका नोंदीची किंमत दुसऱ्याच्या मुलाला मोजावी लागेल. जबाबदारी हा शब्द त्याने शाळेत शेकडो वेळा ऐकलेला असतो. येथे तो त्याच्या खांद्यावर येतो.

पुढे लसीकरण हे शासकीय आरोग्यसेवेचे नित्याचे काम झाले. अमेरिका खंडांतून पोलिओचे उच्चाटन झाल्याचे १९९४ साली प्रमाणित झाले. संस्थेनेही कामाचे स्वरूप बदलले. शौचालये, आरोग्यशिक्षण आणि गावाने स्वतः निवडलेली लहान कामे तिने हाती घेतली. निघण्यापूर्वी प्रशिक्षण आणि स्वतः निधी जमवण्याची खटपट, आणि पोहोचल्यावर काही आठवडे गावातील कुटुंबात मुक्काम, अशी तिची रीत आहे.

या मुक्कामात भूमिकांची अदलाबदल होते. मदत करायला आलेली मुलगी पहाटे उठते, तेव्हा घरची गृहिणी तिच्या आधीच चुलीपाशी असते. मक्याच्या भाकऱ्या, म्हणजे तोर्तिया, तव्यावर पडत असतात. मुलीला धड बोलता येत नाही, कपडे धुता येत नाहीत, वाट सापडत नाही. घरातील आठ वर्षांचा मुलगा तिला शब्द शिकवतो. घेवड्याच्या उसळीत येथे अनेक घरी प्राणिजन्य चरबी घालतात. शाकाहारी मुलाला हे आधीच, नम्रपणे आणि त्यांच्या भाषेत सांगावे लागते. ज्यांना आपण 'गरजू' म्हणून आलो, त्यांच्याच आधारावर आपण जगत आहोत, हे कळले की मनातील उपकारकर्त्याचा ताठा उतरतो. मुले मोठी होतात ती बहुधा येथे.

मात्र प्रत्येक सेवायात्रा अशी नसते. अलीकडे परदेशी सेवेचा व्यापारही वाढला आहे. कंबोडियात परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या यांच्या ओघात अनाथालये वाढत गेली आणि तेथील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळून आले. दर आठवड्याला नवा पाहुणा जीव लावतो आणि निघून जातो. लहान मुलांच्या मनावर त्याचे ओरखडे राहतात. पाहुण्याच्या वाढीचा खर्च अशा वेळी त्या बालकाच्या खात्यावर पडतो.

म्हणून मुलांना पाठवण्यापूर्वी पालकांनी व्यवहारी डोळ्यांनी काही प्रश्न विचारावेत. हे काम गावाने मागितले आहे काय? तेच काम करणारा स्थानिक मजूर त्यामुळे बेकार होत नाही ना? मुले परतल्यावर ते कोण सांभाळणार? लहान बालकांशी संबंध येत असेल, तर देखरेख कोणाची? दिलेल्या शुल्कातील किती रक्कम गावापर्यंत पोहोचते? ज्या संस्थेपाशी यांची सरळ उत्तरे नाहीत, तिच्याकडे मुलाला सोपवू नये.

पेढीवर जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय दिवसाचा मेळ बसत नाही. परतलेल्या मुलाने आपण काय दिले याबरोबरच त्या घराने आपल्याला काय दिले हेही लिहावे. दुसरी बाजू अधिक भरली, तर प्रवास सत्कारणी लागला असे समजावे. ते ऋण फेडण्यासाठी पुन्हा समुद्र ओलांडण्याची गरज नसते. घरातील आजारी आजोबांची औषधे वेळेवर देण्यापासूनही त्याची सुरुवात होऊ शकते.