शेवट ठाऊक असलेली गोष्ट

घरातील ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळा आपण कसोशीने पाळतो. त्यांच्या हसण्याची वेळ मात्र ठरवत नाही.

शिर्डीतील आमच्या घरी ती वेळ सायंकाळच्या धूपारतीनंतरची. त्या वेळी मी सासूबाईंजवळ बसून ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लावते. सतीश राजवाडे दिग्दर्शित ही मालिका २०१२ साली झी मराठीवर आली. लग्न नको असलेले घना आणि राधा घरच्यांच्या आग्रहातून सुटण्यासाठी कराराचे लग्न करतात आणि नकळत परस्परांच्या प्रेमात पडतात. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांची लुटुपुटुची भांडणे पाहताना जिवाला घोर लागत नाही.

सासूबाईंची स्मृती अलीकडे क्षीण झाली आहे. कालचा भाग त्यांना आज नवाच वाटतो. प्रारंभी मी म्हणे, “आई, हे कालच पाहिले ना!” त्यांचा चेहरा ओशाळा होई; त्या दूरचित्रवाणीकडे पाठ फिरवीत. चूक माझी होती, हे मला उशिरा उमगले.

आता मीच विचारते, “आई, यांचे पुढे काय होईल हो?”

“जमेल त्यांचे,” त्या ठामपणे सांगतात आणि हसतात. सारे विसरले, तरी एवढे त्यांना पक्के ठाऊक असते.

आपणही एखादी अशी हलकीफुलकी मालिका निवडा. आवाज बेताचा ठेवा, एकच भाग पाहा. शेजारी बसा, मात्र आठवणींची परीक्षा घेऊ नका.