कातीव

'कातीव शैली' हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेत चांगलाच रुळला आहे. मीही तो वर्गात आणि उत्तरपत्रिकांच्या समासात वर्षानुवर्षे वापरत आलो. मुळात हा शब्द कातारी लोकांचा, फिरत्या लाकडावर पटाशी धरणाऱ्यांचा. संस्कृतात 'कृत्' हे दोन वेगळे धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा वेढणे, सूत काढणे. मराठीत दोन्ही क्रियांना 'कातणे' म्हणतात, आणि लेथसमोर उभे राहिले की ही सरमिसळ खटकत नाही. तिथे लाकूड कापलेही जाते आणि चातीसारखे फिरतेही.

लेथ घेण्याचे कारण मात्र व्युत्पत्ती नव्हे. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात जिन्याच्या कठड्याचे तीन कातीव दांडे निखळून गेले होते. आई अजून त्याच जिन्याने वर-खाली करते. सुतारांनी लोखंडी गज सुचवले. वाडा बिल्डरला द्यायचा की राखायचा, ही आम्हा भावाभावांतली चर्चा हटकून त्या तीन रिकाम्या जागांपासून सुरू होई.

नवे यंत्र परवडणारे नव्हते. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार हटवण्याची मोठी मोहीम महापालिकेने 2017 साली काढली; तिथून पांगलेल्या एका व्यापाऱ्याकडे लाकूडकामाचा एक जुना लेथ मिळाला. भंगारात यंत्राचे मोल किलोवर ठरते. (पुस्तकांच्या रद्दीलाही हाच न्याय.) सोबत शेजारचे काका होते, सातपूरच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मोटार मरू द्या, सर. आधी बीड बघा." बीड सरळ हवे, तडा नको. मग त्यांनी स्पिंडल हाताने हलवून पाहिला आणि टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही सेंटरांची टोके एकमेकांसमोर आणली. टोके जुळली. बाकी सारे बदलता येते, हा त्यांचा सिद्धान्त.

आतले गनमेटलचे बुश एकाच बाजूने झिजले होते. कवीला तिथे कुणा अनाम कारागिराच्या हाताचा दाब दिसला असता. ती झीज पट्ट्याच्या ताणाची असते. बुश काढून बेअरिंग बसवली. वाद झाला तो मोटारीवरून. मला थ्री-फेज मोटार आणि वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह हवा होता. ओबडधोबड ठोकळा प्रथम सावकाशच फिरवावा लागतो, आणि फेरे तेवढेच असले तरी जाड लाकडाचा पृष्ठभाग पटाशीखालून अधिक वेगाने सरकतो. काकांचा विरोध निराळाच होता. पुलीवर पट्टा बदलायला यंत्र थांबवावे लागते, तेवढ्यात माणूस पकड घट्ट आहे का ते पाहतो. बटण फिरवणारा पाहत नाही. ड्राइव्ह मी बसवलाच, पण वेग वाढवण्याआधी यंत्र बंद करून पकड तपासतो. त्यांचा आक्षेप मला आजही अधिक वजनदार वाटतो.

खरी अडचण नंतर आली. नमुन्यासाठी शाबूत दांडे कॅलिपरने मोजले, तर एकाची मान दुसऱ्याशी जुळेना. जुन्या कातणाऱ्याने ते नजरेनेच जुळवले असावेत. जिना चढताना फरक कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे ज्या नेमकेपणासाठी आपण 'कातीव' म्हणतो, तो मुळातच तसा नव्हता. मग मीही सरासरी न काढता, प्रत्येक रिकाम्या जागेच्या शेजारचा दांडा समोर ठेवला.

वाड्याच्याच एका उतरवलेल्या सागवानी तुळईतून दोन दांडे झाले आहेत. आईने पहिल्या दिवशी दोन्ही हलवून पाहिले. तिसरा व्हायचा आहे. भाऊ दिवाळीला येणार आहे. चर्चा तेव्हा होईल.