करवंटीचं काँक्रीट

खडीच्या जागी करवंटी घालायची म्हटलं की मिस्त्री आधी हसतो आणि मग विचारतो, "साहेब, कुजणार नाही?" प्रश्न रास्त आहे. पण करवंटी मुळातच चिवट, त्यात लिग्निन भरपूर, आणि सिमेंटच्या अल्कलीत बुरशी सहसा धरत नाही. मला धास्ती असते ती पाण्याची.

काळ्या दगडाची खडी वजनाच्या एक-दोन टक्के पाणी पिते. करवंटी दिवसभरात वीस-पंचवीस टक्के. कोरडी करवंटी मिक्सरमध्ये पडली की सिमेंटच्या वाट्याचं पाणी ओढून घेते. माल आवळायला लागतो, मग कुणीतरी सवयीने वरून डबाभर पाणी ओततो आणि ताकद तिथेच जाते. म्हणून करवंटी फोडून आदल्या दिवशी पिंपात भिजत घालायची, सकाळी उपसून गोणपाटावर पसरायची आणि वरची ओली चकाकी गेली की लगेच वापरायची. त्याआधी काथ्या आणि चिकटलेलं खोबरं खरवडून काढायचं. ओशट करवंटीला सिमेंट धरत नाही. साखर तर आणखी वाईट. ट्रान्झिट मिक्सर वाटेत बंद पडला तर आतला माल घट्ट होऊ नये म्हणून त्यात साखर टाकतात, ते उगाच नाही. उसाची चिपाडं न धुता कालवून बघा, सिमेंट घट्ट व्हायचं नावच घेत नाही.

एवढं सांभाळलं तर निकाल वाईट नाही. चाचणीचा 15 सेंटिमीटरचा नेहमीचा क्यूब आठ किलो भरतो, करवंटीचा साडेसहाच्या आसपास. चेन्नईजवळच्या एसआरएम विद्यापीठातल्या के. गुणसेकरन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली 28 दिवसांची ताकद 26.7 मेगापास्कल नोंदवली. प्रेसखाली फुटलेला क्यूब हातात घेऊन बघावा. करवंटीच्या आतल्या गुळगुळीत अंगावरून गारा सुटून आलेला असतो, त्याची उलटी वाटीच तयार होते. बाहेरच्या खरखरीत अंगाला तो घट्ट चिकटून राहतो.

पण गुणसेकरन यांच्या त्या मिश्रणात घनमीटरमागे 510 किलो सिमेंट होतं, हे सेमिनारमध्ये फारसं कुणी सांगत नाही. साध्या एम-20 काँक्रीटला सव्वातीनशेच्या आसपास पुरतं. खाणीतला दगड वाचवायचा आणि भट्टीतलं सिमेंट दीडपट जाळायचं, याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मलेशियात तेलमाडाच्या करवंटीवर हाच प्रयोग बराच पुढे गेला. सबाह विद्यापीठाने छोटा पादचारी पूल आणि एक घरही बांधून पाहिलं. तिथे तेलाच्या गिरण्यांबाहेर करवंटीचे ढीगच पडतात. आपल्याकडे स्लॅबच्या गोष्टी करण्याआधी आतल्या पार्टिशन भिंतींचे ब्लॉक करावेत. तिथे ताकद कमी पुरते, सिमेंटही कमी लागतं, आणि वरच्या मजल्यांवरचा बोजा उतरतो तो खरा फायदा. संडास-बाथरूमच्या सन्कमध्ये, म्हणजे खाली उतरवलेल्या स्लॅबच्या खळग्यात, भराव म्हणून घालू का, असं ठेकेदार विचारतात. मी नाही म्हणतो. तिथे ओल कायमची.

शिवाय करवंटी फुकट मिळते हे कागदावरच. तिचा कोळसा होतो, कोळशापासून पाणी गाळणारा सक्रिय कार्बन, आणि त्याला परदेशात गिऱ्हाईक आहे. भट्टीवाला पोत्याला चार पैसे जास्त देतो तेव्हा घाणेवाला आमच्या ब्लॉकसाठी करवंटी राखून ठेवत नाही. मीही ठेवली नसती.