शब्द पाळणारे कॅप्टन

पणजी, 11 नोव्हेंबर 2025

मोहन रानडे यांचं ‘सतीचे वाण’ पुन्हा वाचायला घेतलं. सांगलीचा हा माणूस गोवामुक्तीसाठी लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात खितपत पडला, 1969मध्ये सुटला. पाच वर्षांनी, 25 एप्रिल 1974 रोजी, पोर्तुगीज सैन्यातल्या तरुण कॅप्टनांनी 48 वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथवली आणि दोनच दिवसांत काशियशचे सगळे राजबंदी मोकळे झाले. वर्षअखेरीस दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरिश यांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. एवढं आपल्याला माहीत असतं. पुढचं आता नीट वाचायचं आहे.

13 नोव्हेंबर

पन्नास वर्षांपूर्वी आज बांधकाम मजुरांनी लिस्बनच्या संसदेला वेढा घातला होता. नवी राज्यघटना लिहिणाऱ्या घटना समितीचे सभासद आत अडकलेले. त्याआधीचा सगळा उन्हाळाच पेटलेला. उत्तरेत कम्युनिस्टांच्या कचेऱ्यांवर हल्ले, दक्षिणेत अलेंतेजूत शेतमजुरांनी ताब्यात घेतलेल्या जमिनी, आफ्रिकेतल्या वसाहतींतून परतणारे लाखो लोक. घटना लागू होईपर्यंतच्या दोन वर्षांत सहा हंगामी सरकारं झाली.

20 नोव्हेंबर

1975च्या या दिवशी सरकारनेच काम थांबवलं! सैन्य हुकूम मानत नाही, मग कारभार कशाच्या जोरावर करायचा? या गोंधळाचा दोष स्वातंत्र्याला देणं मला पटत नाही. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने विरोधी पक्ष, मोकळी वर्तमानपत्रं, स्वतंत्र कामगार संघटना यांतलं काहीच रुजू दिलं नव्हतं. लोक भांडत होते, कारण भांडण मिटवायच्या जागाच नव्हत्या. त्या त्यांना भांडता भांडताच उभाराव्या लागल्या.

25 नोव्हेंबर

1975मध्ये आजच डाव्या विचारांच्या छत्रीधारी सैनिकांनी हवाई तळ ताब्यात घेतले, लष्करी अधिकारी रमाल्यो इयानिश यांच्या नेतृत्वाखाली ते बंड मोडलं गेलं. आता कम्युनिस्टांवर बंदी घाला, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा मेलू अंतूनिश या विजयी गटातल्या अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलं की तो पक्ष देशाला हवा आहे. जिंकलेल्याने हरलेल्याची जागा राखली. मला हा या कथेतला सगळ्यात धीराचा क्षण वाटतो.

28 नोव्हेंबर

कॅप्टनांनी वर्षाच्या आत निवडणूक घेण्याचा शब्द दिला होता. बरोबर वर्षाने, 25 एप्रिल 1975ला, 91 टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटना समिती निवडली. बाहेर काहीही चालू असो, समिती कलमं लिहीत राहिली. 2 एप्रिल 1976ला घटना मंजूर झाली, 1982च्या दुरुस्तीने लष्करी अधिकाऱ्यांची क्रांती परिषदही गेली.

हे वाचताना बांगलादेश आठवला. ढाक्यात 2026च्या फेब्रुवारीत निवडणूक ठरली होती. ती ठरल्या वेळी व्हावी, आणि हरणाऱ्यालाही उद्या तिथे निर्भयपणे राहता यावं, असं मनापासून वाटलं.