घराण्याचे देणे

मध्यंतरी वर्गात 'घूमर' (२०२३) या चित्रपटाचा विषय निघाला. उजवा हात गमावल्यावर डाव्या हाताने गोलंदाजी करणारी नायिका सैयामी खेरने समर्थपणे उभी केली आहे, असे आम्ही म्हणताच मागच्या बाकावरून उत्तर आले, "उषा किरण यांची नात आहे ती, सर. तिला काय अवघड?"

या उत्तरातील कडवटपणा आम्हास समजतो. धर्माबादसारख्या सीमेवरच्या गावात घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला आडनावाची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही.

तरीही ते उत्तर अपुरे आहे. आजी 'पतिता' (१९५३) आणि 'शिकलेली बायको' (१९५९) या चित्रपटांची नायिका, आत्या तन्वी आझमी. हे भाग्य खरेच. पण मॉडेलिंगनंतर सैयामी पडद्यावर आली ती 'रे' (२०१५) या तेलुगू चित्रपटातून. पुढे राकेश ओमप्रकाश मेहरांचे दिग्दर्शन आणि गुलजारांची लेखणी लाभूनही 'मिर्झ्या'कडे (२०१६) प्रेक्षक फिरकला नाही. घराण्याने दार उघडले असेल, बसायला पाट मात्र मांडला नाही.

मग लातूरच्या रितेश देशमुखांसोबतचा मराठी 'माउली' (२०१८) आला. 'चोक्ड'मध्ये (२०२०) तिने नोटाबंदीच्या काळातील बँकेची रोखपाल साकारली. गाणे सुटलेली, संसाराने दमलेली ही बाई साकारताना घराण्याची झळाळी बाजूला ठेवावी लागते. 'घूमर'च्या वेळी तर उपयोगी पडले ते शाळकरी वयापासूनचे क्रिकेट. म्हणजे तिच्या सर्वोत्तम भूमिकेला आजीच्या दिवाणखान्याइतकेच मैदानाचेही देणे आहे. २०२४ मध्ये बर्लिनला तिने आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत पूर्ण केली: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. तिथे आडनाव धावत नाही.

आम्हा अध्यापकांनाही ही खोड आहेच. कवी कोणत्या परंपरेतला हे सांगून झाले की कविता वाचायची राहून जाते. वंशावळ म्हणजे समीक्षा नव्हे, असे आम्ही वर्गाला सांगितले.

तो मुलगा क्षणभर थांबला. म्हणाला, "पटलं, सर. पण ज्याच्यासाठी दारच उघडत नाही, त्याचं मैदान कोण बघणार?"

याचे उत्तर सैयामीच्या कारकिर्दीत शोधणे अन्यायाचे होईल. ते आम्हीच द्यायला हवे होते, आणि तास संपला होता.