बर्लिंग्टन : जुन्या गाडीला जिथे नवे घर मिळते

सरोवर, डोंगर आणि रंगीबेरंगी पानगळ यांसाठी पर्यटक अमेरिकेतल्या या छोट्या शहरात येतात. पण याच शहराने जुन्या मोटारीच्या दानाचा खरा अर्थही दाखवून दिला आहे.

अमेरिकेच्या ईशान्येला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून व्हरमाँट नावाचे चिमुकले राज्य आहे. शॅम्प्लेन सरोवराच्या काठी वसलेले बर्लिंग्टन हे त्यातले सर्वांत मोठे शहर. सर्वांत मोठे म्हणजे किती? तर २०२० च्या जनगणनेनुसार लोकवस्ती सुमारे ४५ हजार! आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

बोस्टनहून मोटारीने साधारण साडेतीन तासांत येथे पोहोचता येते. २०२२ पासून न्यूयॉर्कहून थेट रेल्वेही सुरू झाली आहे. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मेपलची पाने लाल, केशरी, पिवळी होतात आणि डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात. सरोवरापलीकडे न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतामागे मावळणारा सूर्य पाहायला संध्याकाळी काठावर गर्दी होते. बाजारपेठेच्या चर्च स्ट्रीटवर वाहनांना मज्जाव असल्यामुळे माणसे निवांत फिरतात. मुख्य म्हणजे राज्यात कुठेही रस्त्याकडेला जाहिरातींचे अवाढव्य फलक दिसत नाहीत. १९६८ च्या कायद्यानेच ते हटवले.

हिवाळ्यातले दुसरे रूप

पाने गळतात, पर्यटक परततात आणि खरा हिवाळा सुरू होतो. पारा शून्याच्या खूप खाली जातो, रस्त्यांवर बर्फाचे थर साचतात. शहरात बस आहे, पण आजूबाजूची गावे डोंगरदऱ्यांत विखुरलेली आहेत. कारखान्यातली रात्रपाळी सुटते तेव्हा बस मिळेलच असे नाही. मुलाला पाळणाघरात सोडून सकाळी सात वाजता कामावर हजर व्हायचे, तर गाडीवाचून गत्यंतर नसते. थोडक्यात, गाडी नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून गाडी नाही, असा हा पेच!

त्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ गाड्यांचा पत्रा खाऊन टाकते. गंज फार चढला की सक्तीच्या तपासणीत गाडी नापास होते. गरिबाला परवडणारी स्वस्त जुनी गाडी म्हणूनच अनेकदा दुरुस्तीच्या खर्चाने महाग पडते.

गॅरेजमधली शुभवार्ता

हा पेच सोडवण्यासाठी १९९६ साली बर्लिंग्टनमध्ये ‘गुड न्यूज गॅरेज’ सुरू झाले. ते सुरू करणारे हॅल कोल्स्टन हे मूळचे शेफ. एका ल्युथेरन सेवासंस्थेच्या छत्राखाली त्यांनी हे काम उभे केले. कल्पना अगदी साधी होती. लोकांनी वापरलेल्या गाड्या दान कराव्यात, मेकॅनिकांनी त्या दुरुस्त कराव्यात आणि ज्यांना नोकरीसाठी गाडीची नड आहे अशा कुटुंबांना त्या द्याव्यात.

येथे छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचे मोल फार. श्रीमंताची आलिशान गाडी दानात मिळाली, तरी तिचे सुटे भाग गरिबाला परवडत नाहीत. साधीसुधी कोरोला किंवा सिव्हिक मात्र लाखभर मैल धावल्यावरही नीट दुरुस्त केली तर आणखी काही वर्षे इमानेइतबारे साथ देते.

या परिसराला गाड्यांची गरज का, हे शेजारच्या विनूस्की गावात गेल्यावर आणखी उमगते. व्हिएतनाम, बोस्निया, सोमालिया अशा देशांतले निर्वासित या दोन गावांत येऊन स्थिरावले. भूतानमधून हाकलले गेलेले आणि पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिलेले नेपाळीभाषिकही २००८ पासून येथे आले. परक्या मुलखात नव्याने संसार मांडणाऱ्याला पहिली नोकरी टिकवायची, तर भाषेइतकीच गाडीचीही गरज असते.

लिलाव की दान?

अमेरिकेत गाडी दान करण्याची प्रथा जुनी आहे. फोन केला की संस्थेचा ट्रक दारातून गाडी ओढून नेतो. मात्र अनेक संस्था ती गाडी कोणा गरजूला देत नाहीत. ती थेट लिलावात जाते आणि दलालीचा खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम संस्थेला मिळते. खूप जुन्या गाडीला लिलावात अवघे काही शे डॉलर येतात. तीच गाडी दुरुस्त होऊन एखाद्या आईच्या हाती पडली, तर महिन्याचा पगार घरी येऊ लागतो!

कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. पूर्वी दाते आपल्या गाडीची किंमत वाटेल तेवढी फुगवून करसवलत घेत. २००५ पासून नियम कडक झाले. ५०० डॉलरहून अधिक सवलत मागायची असेल, तर संस्थेने गाडी विकून जेवढे पैसे मिळवले तेवढ्यावरच ती मिळते. पण संस्थेने गाडी गरजूला दिली, स्वतःच्या कामात लक्षणीय प्रमाणात वापरली किंवा तिच्यात मोठी दुरुस्ती केली, तर बाजारभावाइतकी सवलत मागता येते. अर्थात २०१८ पासून सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे बहुतेक मध्यमवर्गीयांना या सवलतीचा वेगळा फायदा उरलेला नाही. दान करायचे ते दानासाठीच!

आपल्यापैकी अनेकांची मुले-बाळे, भाचे-पुतणे आज अमेरिकेत आहेत. नवी गाडी घेताना जुनीचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनाही पडतोच. गाडी देण्यापूर्वी त्यांनी संस्थेला एकच प्रश्न विचारावा : ‘माझी गाडी शेवटी कोणाकडे जाणार?’ मालकीचा कागद संस्थेच्याच नावे करावा, कोरा सही करून देऊ नये. पावती घ्यावी, राज्याच्या नियमाप्रमाणे नंबरप्लेट काढून घ्याव्यात आणि हस्तांतर पूर्ण झाल्यावरच विमा बंद करावा.

एवढी काळजी घेतली, तर आपल्या दाराशी अडगळ झालेली गाडी बर्फातल्या एखाद्या पहाटे कोणालातरी वेळेवर कामावर पोहोचवेल.